ग्रीनलँड: आधी १८ नगरपालिका, मग ४, आता ५. हे जमतं कसं?

उत्तरवाट
नमस्कार मंडळी. दोन आठवडे एका गोष्टीने डोकं खाल्लंय म्हणून धागा काढतेय. लेकीबरोबर अ‍ॅटलास चाळत बसले होते, ग्रीनलँडचं पान उघडलं. नकाशात पाच रंग, आणि वर उजव्या अंगाला एक भलामोठा पांढरा तुकडा. ती म्हणाली, आई हा कुठला जिल्हा? मला सांगता येईना. मग वाचायला घेतलं आणि त्यात अडकलेच.

तर थोडक्यात असं. क्षेत्रफळ २१ लाख ६६ हजार चौ. किमी, माणसं सत्तावन्न हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यम तालुक्यात याहून जास्त लोक असतात. २००८ च्या अखेरपर्यंत तिथे १८ नगरपालिका होत्या. १ जानेवारी २००९ ला त्या एकत्र करून ४ केल्या: दक्षिणेला कुयाल्लेक, मधे केक्काता, उत्तरेला कासुइत्सुप आणि नूक राजधानीची सेर्मर्सूक. यातली कासुइत्सुप तर ६ लाख ६० हजार चौ. किमीची, म्हणजे फ्रान्सपेक्षा मोठी, तेव्हाची जगातली सर्वात मोठी नगरपालिका, आणि त्यात लोक सतरा हजार. २०१८ मधे ती फोडून अवान्नाता आणि केकेर्तालिक अशा दोन केल्या.

मला सगळ्यात खुपतेय ती सेर्मर्सूक. नूक पश्चिम किनाऱ्यावर, आणि त्याच नगरपालिकेत पूर्व किनाऱ्यावरची तासीलाक आणि इत्तोक्कोर्तूर्मीत ही गावं. मधे आख्खी हिमचादर. नूक ते इत्तोक्कोर्तूर्मीत सरळ रेषेत साधारण १४०० किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त, आणि गावांना जोडणारा रस्ता आख्ख्या देशात जवळपास नाहीच. माझं मत स्पष्ट सांगते, हे विलीनीकरण चुकलं होतं. खोडून काढा किंवा भर घाला.

पेठेतला
इत्तोक्कोर्तूर्मीत. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मस्तानी.

निवृत्त_बीडीओ
उत्तरवाटताई, धागा आवडला पण मत पटलं नाही. मी ३१ वर्षं पंचायत समितीत काढली, त्यामुळे जरा दुसऱ्या बाजूने बघतो.

छोटी संस्था लोकांच्या जवळ असते हे खरं, पण ती चालवायला माणसं लागतात. हिशेबनीस लागतो, बांधकामाचा माणूस लागतो, मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारा शिकलेला माणूस लागतो. सातशे-आठशे वस्तीच्या नगरपालिकेत यातला प्रत्येकी एकच असणार. तो आजारी पडला किंवा बदली मागून गेला की काम ठप्प. मी एका दुर्गम तालुक्यात असताना वर्षभर लेखाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती, पैसे आलेले असूनही शाळेच्या खोल्यांची बिलं निघेनात. पोरं व्हरांड्यात बसायची. तेव्हापासून 'छोटं ते चांगलं' असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो व्हरांडा येतो.

कोपनहेगनकर
बीडीओकाका बरोबर बोलतायत, तिथलं कारण हेच होतं. शिवाय काळ बघा. ग्रीनलँड डेन्मार्कच्याच राज्याचा भाग, आणि डेन्मार्कमधे २००७ ला नगरपालिकांची मोठी पुनर्रचना झाली, २७१ च्या ९८ केल्या. ग्रीनलँड त्याच वाटेने गेलं. आणि २१ जून २००९ ला स्वशासन सुरू झालं, त्याआधी २००८ च्या नोव्हेंबरात सार्वमतात सुमारे ७५ टक्के लोकांनी होकार दिला होता. नवीन जबाबदाऱ्या येणार तर त्या पेलायला खालची संस्था दणकट हवी असा विचार होता.

अठरांपैकी एक होती इव्हित्तूत. तिथे क्रायोलाइटची खाण होती, अ‍ॅल्युमिनियम बनवायला लागणारं खनिज. खाण १९८७ ला बंद झाली, शेजारी नौदलाचा तळ तेवढा राहिला. विलीनीकरणाच्या वेळी या आख्ख्या नगरपालिकेत दोनशेसुद्धा माणसं नव्हती. आता सांगा, ती स्वतंत्र ठेवून काय करणार होते?

रानभैरी
इव्हित्तूतचं उदाहरण सोयीचं आहे हो. खाण उठली, गाव उठलं, त्याचं विलीनीकरण कुणालाही पटेल. पण पूर्व किनाऱ्याचं काय? तिथले लोक बोलतात तुनू बोली, ती पश्चिमेकडच्या कलाल्लिसुतपेक्षा इतकी वेगळी की ऐकताना एकमेकांची अडचण होते. शाळेची पुस्तकं, नगरपालिकेची पत्रं सगळं पश्चिमेच्या भाषेत. म्हणजे तासीलाकच्या आजीबाईला घराच्या दुरुस्तीचा अर्ज करायचा तर दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांशी, दुसऱ्या किनाऱ्याच्या भाषेत. वेगळी नगरपालिका द्या अशी मागणी तिकडून होत आलीय ती उगीच नाही.

उत्तरवाट
@रानभैरी, अगदी हेच म्हणायचं होतं मला, भाषेचा मुद्दा माहीत नव्हता. धन्यवाद.
@बीडीओकाका, व्हरांड्याची गोष्ट मनाला लागली. पण खुर्ची नूकमधे भरली म्हणून पूर्वेच्या शाळेची खोली बांधली जाईलच का?

गणितमावशी
एक दुरुस्ती सुचवते. हे लाखो चौ. किमीचे आकडे बघून घाबरू नका. ग्रीनलँडचा जवळजवळ ८० टक्के भाग बर्फाखाली आहे, काही ठिकाणी तो बर्फ तीन किमी जाड. मोकळी जमीन साधारण चार लाख चौ. किमी, ती पण काठाकाठाने फाटक्या पदरासारखी. सेर्मर्सूकचे ५ लाख ३२ हजार चौ. किमी म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेदोन पट दिसतात, पण त्यातल्या बहुतेक भागात कचरा उचलायला नको, गटार काढायला नको, कुणी राहतच नाही. नगरपालिका खरी आहे ती डझनभर ठिपक्यांची. नाव पण तसंच, सेर्मर्सूक म्हणजे भरपूर बर्फाची जागा.

पेठेतला
नावांचे अर्थ सांगा की सगळ्यांचे, मस्तानी अजून शिल्लक आहे.

कोपनहेगनकर
कुयाल्लेक म्हणजे दक्षिण, केक्काता म्हणजे मधली, अवान्नाता उत्तरेची, केकेर्तालिक म्हणजे जिथे बेटं आहेत ती. फोडलेली कासुइत्सुप म्हणजे ध्रुवीय काळोखाची. आणि इत्तोक्कोर्तूर्मीत म्हणजे मोठ्या घरांत राहणारे.

जहाजी_दर्या
त्या मोठ्या घरांच्या गावात मी उतरलोय. एका क्रूझ जहाजावर गॅलीत होतो, ऑगस्टात स्कोर्सबी साउंड नावाच्या खाडीत गेलो होतो. मालवणात वाढलेला माणूस, समुद्र काय नवा नाही, पण तिथला समुद्र वेगळाच, पाण्यात आमच्या जहाजाएवढे हिमनग उभे आणि सगळीकडे चिडीचूप. मग गाव दिसतं. लाल, निळी, पिवळी लाकडी घरं उतारावर, घरांपुढे साखळीला बांधलेले कुत्रे. एक कुत्रा ओरडला की आख्खं गाव ओरडतं. एका घराबाहेर लाकडी चौकटीवर ताणून अस्वलाचं कातडं वाळत टाकलं होतं, आमच्याकडे सुकट टाकतात तसंच, फक्त चौकटीत ताणलेलं.

गावात माणसं साडेतीनशेच्या आसपास. दुकान एकच. दुकानातली बाई मला म्हणाली की मालाचं जहाज उन्हाळ्यात एक-दोनदाच येतं, बाकी वर्षभर समुद्र गोठलेला. बटाटे, डिझेल, घराच्या फळ्या, शाळेच्या वह्या, सगळं त्यात आलं पाहिजे. राहिलं ते पुढच्या वर्षी. आणि नूकला जायचं तर आधी हेलिकॉप्टरने नेर्लेरित इनातच्या धावपट्टीवर, तिथून विमानाने आइसलँड, आणि तिथून पुढे ग्रीनलँडचा पश्चिम किनारा. स्वतःच्या नगरपालिकेच्या कचेरीत जायला दुसऱ्या देशातून जायचं! मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा कुणाला खरंच वाटेना.

उत्तरवाट
दर्यादादा, काय लिहिलंत! आणि ती धावपट्टी पण गावासाठी बांधलेली नाही, वाचलं मी, १९८५ मधे तेल शोधायला आलेल्यांनी बांधली. तेल काही निघालं नाही, धावपट्टी गावाच्या कामी आली.

रानभैरी
आणि ते गाव तरी कधीचं? १९२५ चं. आयनार मिकेल्सन नावाच्या डॅनिश दर्यावर्दीने दक्षिणेकडून, आत्ताच्या तासीलाकच्या भागातून, कुटुंबं आणून वसवलं. नॉर्वे पूर्व किनाऱ्यावर हक्क सांगत होता, तर डेन्मार्कला तिथे वस्ती दाखवायची होती. लोकांना शिकार मुबलक मिळाली हे पण खरं. पण आधी माणसं नेऊन ठेवायची आणि मग शंभर वर्षांनी म्हणायचं की तुम्ही फार लांब राहता बुवा, सेवा परवडत नाही, हे मला पटत नाही.

कुत्राप्रेमी_अनु
विषयांतर करते, माफ करा. कुत्रे फक्त वरच्याच भागात का दिसतात? नूकचे फोटो बघितले तर स्लेज ओढणारे कुत्रे नाहीत.

कोपनहेगनकर
कायदाच आहे. पश्चिम किनाऱ्यावर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आणि आख्ख्या पूर्व किनाऱ्यावर फक्त ग्रीनलँडचे स्लेज कुत्रे, दुसरी जात आणायची नाही. नूक त्या रेषेच्या दक्षिणेला येतं. म्हणजे एकाच सेर्मर्सूक नगरपालिकेत एका किनाऱ्यावर कुणी पूडल पाळू शकतो आणि दुसऱ्यावर नाही.

गणितमावशी
हे विषयांतर नाहीच, हा तर रानभैरीच्या बाजूचा पुरावा झाला. :)

इतिहासवेडा
रात्री उशिरा धागा वाचला, झोप गेली. सगळे २००९ पासून सुरुवात करतायत, पण ही ओढाताण दीडशे वर्षं जुनी आहे.

हिनरिक रिंक म्हणून एक भूगर्भशास्त्रज्ञ होता, पुढे दक्षिण ग्रीनलँडचा निरीक्षक, म्हणजे डेन्मार्कचा तिथला कारभारी झाला. त्याने पाहिलं की वसाहतीच्या व्यापारामुळे गावोगावच्या शिकाऱ्यांची जुनी पत गेलीय, निर्णय सगळे डॅनिश लोक घेतायत. म्हणून १८५७ पासून त्याने स्थानिक मंडळं सुरू करवली. त्यात पाद्री आणि व्यापारी कोठीचा प्रमुख असायचे, पण बरोबरीने तिथले निवडलेले शिकारीही बसायचे. गरिबांना मदत, किरकोळ भांडणतंटे अशी कामं. मला आवडलेला भाग म्हणजे व्यापाराच्या नफ्यातला काही हिस्सा या मंडळांकडे यायचा, आणि मदत वाटून उरलेले पैसे वर्षाअखेर शिकाऱ्यांत वाटले जायचे. (याच रिंकने १८६१ मधे आतुआगाग्दलिउतित हे तिथल्या भाषेतलं वर्तमानपत्र काढायला हातभार लावला.)

नंतर १९०८ ला कायदा झाला, १९११ पासून साठच्या आसपास छोट्या ग्रामसभा आणि वर उत्तर-दक्षिण अशी दोन मंडळं. पुढे १९५० च्या सुधारणेत त्या साठच्या सोळा केल्या. म्हणजे बघा, साठ, सोळा, अठरा, चार, पाच. दर काही दशकांनी कुणीतरी नकाशा घेऊन बसतं आणि म्हणतं जरा मोठं करूया. मोठी फोडून छोट्याकडे वळलेत ते २०१८ ला.

निवृत्त_बीडीओ
इतिहासवेडा, मनापासून आभार. नफ्याचा हिस्सा खालच्या मंडळाकडे, हे १८५७ ला! आम्ही 'चौदाव्या वित्त आयोगा'चे पैसे गावाच्या खात्यात थेट आले तेव्हा केवढे हरखलो होतो.

टोरोंटोकर_स्नेहा
शेजारचं नुनावुत पण घ्या ना चर्चेत. कॅनडाने १ एप्रिल १९९९ ला वेगळा प्रदेश केला, सुमारे २० लाख चौ. किमी, २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८ लोक. तिथे उलटं केलंय. २५ वस्त्या, आणि प्रत्येक वस्तीची स्वतःची नगरपालिका. राजधानी इकालुइत हे शहर, बाकीच्या २४ ना हॅम्लेट म्हणतात. वस्तीची हद्द संपली की नगरपालिका संपली, बाहेरची सगळी जमीन कुठल्याच नगरपालिकेत नाही. अगदी उत्तरेकडच्या ग्रीस फिओर्डमधे १४४ लोक, त्यांचा स्वतःचा महापौर आहे. आणि सरकारी खातीसुद्धा सगळी इकालुइतला न ठेवता वेगवेगळ्या वस्त्यांत वाटलीयत, म्हणजे नोकऱ्या तिकडे जाव्यात. हे मुद्दाम, लोकांनी मागून घेतलेलं आहे.

निवृत्त_बीडीओ
स्नेहाताई, आणि त्या १४४ लोकांच्या नगरपालिकेत हिशेब कोण लिहितं?

टोरोंटोकर_स्नेहा
काका, प्रश्न रास्त आहे. तिथे पण कर्मचारी टिकत नाहीत, दक्षिणेकडून आलेली माणसं वर्ष-दोन वर्षांत परत जातात. प्रशिक्षण प्रदेशाचं सरकार देतं, पैसा बहुतेक ओटावाहून येतो. पण पाण्याचा टँकर आज आला नाही तर कुणाला फोन करायचा हे प्रत्येकाला माहीत असतं. तो माणूस त्याच गल्लीत राहतो.

मांडवीकाठ
गोव्यातून एक छोटी भर. वास्कोला आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे, तिचं 'हिमाद्री' केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंदला २००८ पासून आहे. तिथे तर नगरपालिकाच नाही. गाव एका नॉर्वेजियन सरकारी कंपनीचं, जेवणघरापासून धक्क्यापर्यंत सगळं तीच बघते. स्वालबार्डच्या मुख्य गावाला, लाँगयरब्येनला मात्र २००२ पासून निवडून दिलेली स्थानिक परिषद आहे. म्हणजे आर्क्टिकमधे हा तिसरा प्रकार पण धरा.

वसईचा_विनू
कासुइत्सुप का फोडली यावर कुणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडे २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या लोकांचं म्हणणं हेच होतं की कामासाठी ठाण्याला जायचं म्हणजे दिवस जातो. तिथे पण तसंच असणार ना?

कोपनहेगनकर
बरंचसं तसंच विनू. कचेरी होती इलुलिस्सातला. तिथून अगदी वरचं कानाक हजारेक किमी लांब. वरच्या भागाचं जगणं म्हणजे शिकार आणि समुद्राच्या बर्फात भोक पाडून हॅलिबट मासेमारी, खालचं डिस्को उपसागरातलं म्हणजे बोटी, कोळंबीचे कारखाने, पर्यटक. एकाच सभेत दोन वेगळी जगं बसायची. आता आसिआत, कासिगिआन्गुइत, कांगात्सिआक आणि डिस्को बेटावरचं केकेर्तार्सुआक मिळून केकेर्तालिक, उरलेलं अवान्नाता. पण इलुलिस्सात अवान्नातातच राहिलं, त्यामुळे कानाकचं अंतर काही कमी झालं नाही.

एक प्रसंग सांगतो, विभाजनाच्या सहा महिने आधीचा. १७ जून २०१७ ला कार्रात फिओर्डमधे, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, डोंगराचा कडा कोसळला, त्सुनामी उठली, नूगात्सिआक वस्तीतली घरं वाहून गेली, चार माणसं गेली. ती वस्ती आणि शेजारची इल्लोर्सुइत दोन्ही रिकाम्या करून लोकांना उम्मान्नाकला आणलं. त्यांना घरं द्यायची, पोरांना शाळेत घ्यायचं, म्हाताऱ्यांकडे बघायचं, हे सगळं नगरपालिकेवर आलं. हे वाचल्यावर मी बीडीओकाकांच्या बाजूला झुकलो. आठशे माणसांच्या नगरपालिकेला एकटीने हे झेपलं नसतं.

रानभैरी
हा मुद्दा मान्य. खरंच मान्य. कचऱ्याचं पण तसंच दिसतंय, पाचही नगरपालिकांनी मिळून एक कंपनी काढलीय, नूक आणि सिसिमिउतला कचरा जाळायच्या भट्ट्या. एकेकट्या गावाला ते परवडणारं नाही. पण मदत एकत्र येऊन करता येते, त्यासाठी गावाचा निर्णय काढून घ्यावा लागत नाही.

उत्तरवाट
लेकीच्या पांढऱ्या तुकड्याचं उत्तर मात्र मिळालं. ईशान्य ग्रीनलँड राष्ट्रीय उद्यान, १९७४ चं, १९८८ ला वाढवलेलं, ९ लाख ७२ हजार चौ. किमी, आणि ते कुठल्याच नगरपालिकेत नाही. कायमची वस्ती नाही, फक्त हवामान केंद्र, संशोधक आणि कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डॅनिश सैन्याचं सिरियस पथक. शिकारीची मुभा इत्तोक्कोर्तूर्मीतच्या लोकांना. ती म्हणाली, मग तिथे मत कोण देतं? मी म्हटलं अस्वलं देत नाहीत बहुतेक.

अवान्नाताच्या पोटात पण एक ठिपका असाच बाहेरचा आहे, पिटुफिकचा अमेरिकी तळ. १९५३ मधे तिथल्या इनुगुइत लोकांना हलवून कानाकला नेलं होतं.

निवृत्त_बीडीओ
मंडळी, एक राहिलंच. आपण एवढा वेळ मोठी की छोटी यावर भांडतोय, पण माझ्या अनुभवात सामान्य माणसाला हद्दीशी देणंघेणं नसतं. त्याला विचारायचं असतं की सही करणारा साहेब कुठे बसतो आणि मंगळवारी भेटेल का. ग्रीनलँडच्या एखाद्या ऐंशी माणसांच्या वस्तीत हे उत्तर काय आहे? कोपनहेगनकर, तुम्हीच शोधा.

कोपनहेगनकर
काका, आज कँटीनमधे विचारलं. माझी एक सहकारी उपर्नाविकच्या बाजूच्या वस्तीत वाढलीय, तिची आई अजून तिथेच असते. तिने सांगितलं ते लिहितो.

वस्तीला नुनाकार्फिक म्हणतात, गावाला इल्लोकार्फिक. नगरपालिका अवान्नाता, पण वस्तीची स्वतःची निवडून दिलेली छोटी समिती असते, आणि नगरपालिकेचा एक माणूस तिथेच बसतो. त्याच्या खोलीच्या शेजारी सर्व्हिस हाऊस. वस्तीतल्या बऱ्याच घरांत नळ नाहीत, पाणी एका सार्वजनिक नळघरातून कॅनमधे भरून आणायचं, थंडीत स्लेजवर ओढत. म्हणून अंघोळीला आणि कपडे धुवायला सर्व्हिस हाऊसमधे जायचं. तर तिची आई यंत्रात कपडे टाकते, आणि ते धुऊन होईपर्यंत पलीकडच्या खोलीत जाऊन पेन्शनचा कागद विचारून येते.

मी विचारलं, २००९ ला आणि परत २०१८ ला काय बदललं तुमच्याकडे? ती जरा थांबली. म्हणाली, खोली तीच, माणूस तोच. पण आधी तो माणूस 'बघतो' म्हणायचा आणि आठवड्यात उत्तर यायचं, कारण विचारायचं ते उपर्नाविकला, तिथे आई सगळ्यांना ओळखायची. आता तो म्हणतो, 'इलुलिस्सातला लिहितो.'

निवृत्त_बीडीओ
आणि उत्तर येतं?

कोपनहेगनकर
येतं म्हणाली. इलुलिस्सातला त्या कामाची शिकलेली बाई आहे, पूर्वी उपर्नाविकला अशी कुणी नव्हती, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. पण आईला त्या बाईचं नाव माहीत नाही, आणि हे ती दर फोनवर सांगते.